कोंबड्यांनी पाहिलेला राजवाडा

रोम, मेस्केरेम २०

वोन्दिमे अस्मामाव,

तुमच्या ओढीखेरीज मी ठीक आहे, देवाची कृपा. आपलं नवं वर्ष लागलं, पण इथे कुणाच्या गावीही नाही. बाजारातून चार पिवळी फुलं आणून खिडकीत ठेवली आणि स्वतःलाच शुभेच्छा दिल्या.

आता बातमी ऐक, आणि ऐकताना शिलाई मशीनची सुई बोटात घालून घेऊ नकोस. मी येतेय! मी ज्यांना सांभाळते त्या सिन्योराबाईंचा जन्म अदिसचा. मरायच्या आत जन्मघर एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून हट्ट धरून बसल्यात. येकातित महिन्याच्या शेवटी त्यांच्या पुतण्याकडे जायचं नक्की झालंय. माझ्यावाचून त्यांना अंगात स्वेटरही चढवता येत नाही, त्यामुळे मला सुट्टी मिळाली ती एका दिवसाची. संध्याकाळच्या विमानानं गोंदरला यायचं, दुसरा दिवस सगळा आपला, आणि उजाडलं की परत.

इतक्या वर्षांनी येऊन एकच दिवस, म्हणून तू तोंड वाकडं करशील. कर. पण त्या दिवसाचं मी ठरवून टाकलंय. आपण एमायेला गोंदर दाखवायचं. हसू नकोस. इथे बसमध्ये कुणी विचारलं कुठली, आणि मी गोंदर म्हटलं, की लोक म्हणतात, "म्हणजे ते राजवाडे! आतून कसे आहेत हो?" मी उतरायची घाई करते. आपली आई त्या तटबंदीच्या सावलीत जन्मली, तिथेच लग्न होऊन राहिली, इंजेराच्या भाकऱ्या भाजून, विकून तिनं आपल्याला वाढवलं, आणि एकदाही आत गेली नाही. मीसुद्धा विकायची टोपली घेऊन फाटकापर्यंतच.

तेव्हा सकाळी राजवाडा. मग देवदूतांच्या चेहऱ्यांचं देऊळ. दुपारी पियाझाच्या चौकात बसून जेवायचं, एमायेनं रांधायचं नाही. नंतर फासिल राजाचं तळं. संध्याकाळी टेकडीवर कॉफी. तिला विचार आणि कळव.

तुझी तिरिंगो


गोंदर, टिकिम्त १५

एतालेम तिरिंगो,

तुझ्या ओढीखेरीज आम्ही सगळे ठीक आहोत.

हे वाक्य लिहिलं की एमाये दर वेळी विचारते, "सगळे म्हणजे कोण कोण?" मी म्हणतो, तू आणि मी. "आणि कोंबड्या?" म्हणते. तेव्हा कोंबड्याही ठीक आहेत.

तुझं पत्र वाचून दाखवलं. आधी रडली, मग भांडायला लागली. तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहितोय, कारण शेजारी बसून ती माझ्या हाताकडे बघतेय. वाचता येत नसलं तरी मी काही गाळलं तर तिला कळतं म्हणे.

"लिही. राजाच्या घरी जायला म्हणे तिकीट काढायचं! मी काय सर्कशीला चाललेय? राजानं बोलवायला हवं."

म्हटलं, राजाला जाऊन शतकं झाली.

"मग यजमान नसलेल्या घरात घुसायचं? हेच शिकवलं का मी तुम्हाला?"

म्हटलं, बरं, नको जाऊया. तर लगेच, "नको कोण म्हणालं? माझ्या कोंबड्या भिंतीवरून उडून आत जाऊन येतात. ती तांबडी तर रोज जाते. कोंबड्यांनी बघितलं ते मी का बघू नये? पण मला चपला नाहीत म्हणावं. ह्या फाटक्या पायांनी मी राजाच्या अंगणात जाणार नाही."

आता माझं ऐक. तळ्याचं काढून टाक. तिमकेतचा सण होऊन गेला की तळ्यात पाणी राहत नाही, कोरडा खड्डा बघायला जायचं काय? टेकडीही नको, एमायेला चढवणार नाही. हल्ली खोकते. विचारलं तर म्हणते चुलीचा धूर. देवळात मात्र जायचंच. छतावरचा एक देवदूत फक्त तिच्याकडेच बघतो असं ती लहानपणापासून सांगते. कुठला तो मला कधीच दाखवत नाही. म्हणते, तिरिंगो आली की तिला दाखवीन.

खाली तिनं क्रूस काढलाय. वाकडा आहे, पण तिच्या हातचा आहे.

अस्मामाव


रोम, हिदार २

वोन्दिमे,

ओढीखेरीज ठीक आहे. पत्र वाचून इतकी हसले की सिन्योरा विचारायला लागल्या वेड लागलं का म्हणून.

आपल्या चर्चमधली एक बाई गोंदरला निघालीय. तिच्याबरोबर चपला पाठवतेय, तपकिरी, मऊ कातड्याच्या. दुकानात मापाचं विचारलं, तर मी माझ्याच पायात घालून बघितल्या. एमायेचे आणि माझे पाय एकच. लहानपणी तिच्या चपला घालून पळायचे आणि मार खायचे, आठवतं? तिला सांग, राजानं बोलावणं धाडलंय, चपलांसकट.

टेकडी काढली, तळं काढलं. घोड्याची गारी सांगून ठेव, म्हणजे देवळापर्यंत तिला चालायला नको. राजवाड्यात घाई करायची नाही. ती प्रत्येक भिंतीला हात लावून बघणार, मला ठाऊक आहे. आणि तांबड्या कोंबडीबद्दल पहारेकऱ्याशी भांडणार.

खोकल्याचं नीट लिही. चुलीच्या धुराची थाप मला नको.

तिरिंगो


गोंदर, ताहसास ६

आदरणीय गाशे बेझाबी मामा,

तुमच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही म्हणून तुम्हाला मातीला येता आलं नाही. अदिसमधल्या आपल्या माणसांनी पहाटे घरी येऊन तुम्हाला मेर्दो सांगितला, तुम्हाला धरून बसले, हे कळलं तेव्हा मला धीर आला. बहिणीच्या मरणाची बातमी तुम्हाला रीतीप्रमाणे मिळाली. आता प्रश्न तिरिंगोचा आहे, म्हणून लिहितोय.

एमाये आजारी अशी फार दिवस नव्हती. चपला आल्या त्या दिवशी तिनं त्या घालून अंगणात एक फेरी मारली, लगेच काढल्या, पुसल्या आणि उशाशी ठेवल्या. "आता राजाच्या अंगणातच मळवीन," म्हणाली. मग ताप आला, आणि तो उतरलाच नाही. मयतीला धावून येणाऱ्या गल्लीच्या इद्दिर मंडळानं अंगणात तंबू ठोकला, बायका नेतेल्याच्या ओढणीचे काठ शोकाच्या रीतीनं वर गळ्याशी घेऊन तीन दिवस बसून होत्या. मला काही करावं लागलं नाही, फक्त रडायचं होतं.

शेवटच्या रात्री तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तिरिंगोला कागदावर सांगू नकोस." वडील गेले तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. आपण मेर्दोची तयारी करत होतो, तेवढ्यात रोमच्या चर्चमध्ये कुणीतरी तिच्या गळ्यात पडून म्हणालं, "बाबांचं कळलं, देव तुला बळ देवो." तिला काहीच माहीत नव्हतं. घरी सिन्योरांचे पाहुणे होते. ती परत गेली आणि त्यांची भांडी घासत रडली. एमायेनं ते काळजात धरून ठेवलं होतं. "ह्या वेळी तिला कुणीतरी धरायला हवं, अस्मामाव. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी." मी हो म्हणालो.

आता ती येकातितच्या शेवटी येतेय, आईला राजवाडा दाखवायला. संध्याकाळी उतरेल. मेर्दो पहाटेच सांगायचा, तेव्हा ती रात्र तिला घरी आणता येणार नाही. एतेते दिंके म्हणतात त्यांच्याकडे झोपू दे. शेजारच्याच आहेत, आईसारख्या आहेत. तोवर मी तिला काय लिहू? फोन तर मी टाळतोच, माझा आवाजच सगळं सांगून टाकेल. पत्राखाली एमायेचा क्रूस काढावा असंही मनात आलं. हात धजला नाही.

तुमचा अस्मामाव


गोंदर, ताहसास ८

एतालेम तिरिंगो,

तुझ्या ओढीखेरीज मी ठीक आहे. चपला पोचल्या, मापाला बरोबर बसल्या.

गारी सांगून ठेवलीय. सकाळी राजवाडा, मग देऊळ, तू म्हणालीस तसंच.

एक सांगायचं राहिलं. घराचं छप्पर काढून नवे पत्रे घालायचं चाललंय, सगळा पसारा आहे. तेव्हा संध्याकाळी तू उतरलीस की थेट एतेते दिंकेंकडे मुक्काम कर. त्यांनी खाटही तयार ठेवलीय. सकाळी भेटूच.

कामाचा फार रेटा आहे, म्हणून थोडक्यात.

अस्मामाव


रोम, ताहसास २५

अस्मामाव,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. प्रत्येक वेळी वाटलं, एक पान पाकिटातच राहिलं असेल. पाकीट उलटं करून झटकलं.

क्रूस नाही. एमायेचा एक शब्द नाही. कोंबडीसुद्धा नाही. आणि तू लिहितोस, "मी ठीक आहे." इतक्या वर्षांत तू कधी मी लिहिलं नाहीस, कायम सगळे. मला वाचता येतं, वोन्दिमे. ती रागावलीय, आणि तू मध्ये अडकलायस.

कशावर रागावलीय तेही मला कळतं. एकच दिवस म्हणाले ना मी! आईला द्यायला एक दिवस, आणि तोही म्हाताऱ्या परक्या बाईकडून मागून आणलेला. वडिलांच्या वेळी आले नाही. त्यांचा चाळिसावा दिवस झाला, वर्षश्राद्ध झालं, तेव्हाही आले नाही, आणि आता चपला पाठवल्या. बरोबर आहे तिचं. पण मला घरात झोपूही द्यायचं नाही? छपराची थाप कुणाला मारतोस? मी येणार दोन महिन्यांनी, तोवर काय छप्पर उघडंच राहणार? आईच्या घराशेजारच्या घरात पाहुणीसारखी झोपू, आणि भिंतीपलीकडे तिचा खोकला ऐकू?

एवढं असेल तर मी येत नाही. सिन्योरांना सांगते की अदिसलाच राहते. ती मला बघायचं नाही म्हणत असेल तर जबरदस्तीनं राजवाडा दाखवण्यात काय अर्थ? तिला एवढंच विचार आणि तिचं उत्तर जसंच्या तसं लिही, मागे लिहायचास तसं. काही गाळू नकोस.

तिरिंगो


अदिस अबाबा, तिर १७

अस्मामाव बाळा,

तिरिंगोचं पत्र तू पाठवलंस ते वाचलं. रात्री मला जेवण गेलं नाही.

तुझी मामी म्हणते, लिहून टाका एकदाचं, पोरीचा जीव टांगणीला लागलाय. मीही क्षणभर डळमळलो. पण माझ्या बहिणीनं, अलगानेशनं, तुझ्याकडून वचन घेतलंय, आणि तिचं काही चुकलं नाही. कागदाला खांदा नसतो. पत्र वाचून ती कुणाच्या गळ्यात पडणार, त्या चुलीच्या?

मात्र आईनं टाकलं असं समजून ती पोर दूर राहिली, तर तो घाव मरणाहून वाईट. तेव्हा तू तिला खरं लिही. मरणाचं नको. आधीचं जे जे खरं आहे ते लिही, तुझ्याकडे भरपूर आहे. एकही खोटा शब्द नको, आधीच छपरानं घोळ घातलाय. शिंप्याच्या घरचा असून तुला ठिगळही लपवता येत नाही.

विमानतळावर मी तिला भेटणार आहे. तेवढा वेळ चेहरा सांभाळीन. देव करो आणि जमो.

गाशे बेझाबी


गोंदर, तिर २३

एतालेम,

एमाये तुझ्यावर रागावलेली नाही. आपल्या वडिलांच्या मातीची शपथ. तू म्हणालीस जसंच्या तसं लिही, म्हणून तिचं बोलणंच लिहितो. हे सगळं ती माझ्यासमोर बोललेली आहे, मी ह्यात एक टाकाही घातलेला नाही.

तू येणार कळलं तेव्हा ती एतेते दिंकेंना म्हणाली, "एक दिवस म्हणजे काही कमी नाही. देवानं उजेड एका दिवसातच केला."

चपला आल्या तेव्हा हात फिरवत बसली. म्हणाली, "बघ, माझे पाय विसरली नाही." घालून अंगणात चालली, तांबडी कोंबडी आडवी आली तर तिला म्हणाली, "बाजूला हो, मी राजाकडे चाललेय." मग काढून उशाशी ठेवल्या. त्या तिथेच आहेत, कुणी हलवलेल्या नाहीत.

एकदा मी म्हटलं, तिरिंगोनं तिकडेच संसार थाटला, आपल्याला विसरली. तर मला उलथणं फेकून मारलं. "ती दुसऱ्याच्या आईला उचलून न्हाऊ घालते. त्या पुण्यानं मला कुणी ना कुणी पाणी देईल." आणि तसंच झालं आहे, एतालेम. तिला पाणी द्यायला माणसं होती.

छपराचं खोटं होतं. चूक झाली. पण एतेते दिंकेंकडे तुला झोपायला हवं ते खरं. तुझं घर तुला कुणी बंद केलेलं नाही, दार उघडंच आहे. फक्त रात्र तिकडे काढ. पहाटे एतेते दिंके, आपल्या देवळातले पाद्री अब्बा आणि इद्दिरची वडीलधारी मंडळी तुझ्याकडे येतील आणि तुला घरी घेऊन येतील. मी दारातच असेन. उठल्यावर काही खाऊ नकोस, त्यांच्या आधी कुणाशी बोलू नकोस. मग ऊन वर आलं की राजवाडा, मग देऊळ.

ये. एवढंच मागतो. मागे मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

अस्मामाव


रोम, येकातित ११

वोन्दिमे, माझ्या भावा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी सिन्योरांचे केस विंचरत होते. त्यांना आरशासमोर बसवून पत्र उघडलं. वाचता वाचता पहाटेपाशी आले आणि खाली बसले.

तू कपडे उत्तम शिवतोस, अस्मामाव, पण पत्र शिवायला शिकला नाहीस. राजवाडा बघायला पहाटे कोण नेतं? तेव्हा फाटकावरचा पहारेकरीही उठलेला नसतो. आणि बरोबर अब्बा? इद्दिरची मंडळी? उपाशीपोटी?

थांब. घाबरू नकोस. तुझं वचन मोडलेलं नाही. तू मला काही सांगितलेलं नाहीस आणि मला काही कळलेलं नाही. हे नीट ऐक, आणि गाशे बेझाबींनाही सांग: तिरिंगोला काही कळलेलं नाही. विमानतळावर ते चेहरा सांभाळतील, मीही सांभाळीन. मी त्यांना विचारीन, एमायेसाठी केक घेऊ की बिस्किटं? ते म्हणतील, काहीही घे. आम्ही दोघं दुकानात उभे राहू.

इथे मी रडत नाही. ह्या घरात मी एकदा रडलेय, ओल्या हातांनी, आणि मागून कुणीतरी चमचे मागत होतं. पुन्हा तसं नको. तिला नको होतं ना? मग मी धरून ठेवते. कसं धरते ते विचारू नकोस. दिवसा कामं असतात. सिन्योरा परवा म्हणाल्या, "तू हल्ली गप्प आहेस." म्हटलं, घरी जायच्या ओढीनं. त्यात खोटं काय?

एमाये रागावलीय असं मी म्हणाले ते पत्र फाडून टाक. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. रागावलेली आई घरात तरी असते.

नेतेला नेहमीसारखाच घेऊन येईन, काठ खाली सोडून. वर कधी घ्यायचा ते एतेते दिंके सांगतील. त्यांच्या खाटेवर झोपेन, म्हणजे झोपल्याचं सोंग घेईन. पहाटे पावलं वाजतील. दारावर थाप पडली की मी विचारीन, "कोण?" अगदी काही ठाऊक नसल्यासारखी. मग अब्बा सांगतील, आणि मला ते पहिल्यांदाच ऐकू येईल. खरंच पहिल्यांदा, वोन्दिमे, कारण आजवर ते मला कुणी म्हटलेलं नाही. तेव्हा मला धरा. सगळे मिळून धरा, मी जड आहे आता.

मग तिच्या मातीवर जाऊ. तू तुझ्या यादीत ते लिहिलं नाहीस, मी लिहिते.

आणि त्यानंतर राजवाडा. नाही कसा? गारी रद्द करू नकोस. देवळात गेलो की दोघं मान वर करून उभे राहू. तिचा देवदूत तिनं दाखवला नाही, तर आपल्यालाच शोधावा लागेल. बघत राहू, त्यातला एक तरी आपल्याकडे बघेल.

येताना उशाशी ठेवलेल्या चपला घेऊन ये. माझ्या पायात बसतात, मी घालून बघितल्या होत्या. फाटकातून त्या घालूनच आत जाईन, आणि ती तांबडीला म्हणाली तसं पहारेकऱ्याला म्हणेन, "बाजूला हो." तू हसू नकोस. राजाच्या अंगणात धूळ असेल तिथून तिथून चालेन, कडेनं नाही.

त्या मळायला हव्यात.

तिरिंगो